‘तूही तपासून घे’ असा तिचा मेसेज आला

एका वाचकाच्या पत्राचा सारांश:

मी २१ वर्षांचा आहे, शिकतोय. चार महिन्यांपूर्वी माझं एक नातं संपलं. भांडण होऊन नाही, पण फार गोडीनंही नाही. गेल्या आठवड्यात तिचा अचानक मेसेज आला: ‘मला क्लॅमिडिया निघालाय. उपचार चालू आहेत. तूही तपासून घे.’ एवढंच. (क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग आहे.) मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला कसलाच त्रास नाही. ना जळजळ, ना खाज, ना फोड. सहा महिन्यांपूर्वी रक्तदान केलं होतं, तेव्हाही काही निघालं नव्हतं. त्यामुळे वाटतं, हे तिला माझ्यानंतर दुसऱ्या कुणाकडून तरी लागलं असणार, नाहीतर ती मला घाबरवायला बघतेय. गेले दोन महिने मी दुसऱ्या एका मुलीबरोबर आहे. तिच्यावर माझा फार जीव आहे. तिला यातलं काही कळलं तर ती निघून जाईल. मित्र म्हणतो, अँटिबायोटिकचा एक कोर्स घेऊन टाक आणि विषय संपव. डॉक्टरांसमोर बसून हे सगळं सांगायचं, या विचारानंच पोटात गोळा येतो. घरी कळलं तर? आणि पॉझिटिव्ह आलं तर मी कसला माणूस ठरेन? काय करू?

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातला तिचा मेसेज मी तीन-चारदा वाचला. त्यात तुला दोष देणारा एक शब्द नाही. ‘तुझ्यामुळे झालं’ असं ती म्हणत नाही, ‘खरं सांग’ असं दरडावत नाही. स्वतःला काय झालंय ते सांगते, उपचार सुरू आहेत हे सांगते आणि तुला एक काम करायला सांगते. नातं संपून चार महिने झालेल्या माणसाला हे कळवायला तिला किती धीर गोळा करावा लागला असेल, याचा विचार कर. डॉक्टरांसमोर बसायच्या नुसत्या कल्पनेनं तुझ्या पोटात गोळा येतो. ती तिथे बसून आली, रिपोर्ट हातात घेतला, औषधं सुरू केली आणि त्यानंतर तुझा नंबर शोधला. सूड उगवायचाच असता तर त्यासाठी स्वतःच्या आजाराची कबुली देण्याची वाट कुणी निवडली नसती.

म्हणून तुझं पहिलं गृहीतक, ती घाबरवतेय हे, तू बाजूला ठेवावंस असं मला वाटतं. घाबरलेलं मन असं बोलतं, हे मी समजू शकते. पण तिनं केलंय ते तुझ्या भल्याचं आहे.

आता ‘मला कसलाच त्रास नाही’ याकडे येऊ. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हे वाक्य मला इतक्यांदा भेटतं, की आज त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्या मनात आजाराचं एक चित्र पक्कं असतं: आधी दुखतं, मग डॉक्टर. क्लॅमिडिया त्या चित्रात बसत नाही. हा जिवाणूंमुळे होणारा संसर्ग आहे आणि तो झालेल्या बहुतेक स्त्रियांना, तसंच जवळपास निम्म्या पुरुषांना काहीही जाणवत नाही. लघवीला जळजळ नाही, स्राव नाही, वेदना नाही. अंगात जिवाणू असतो, माणूस रोजची कामं करत असतो, प्रेम करत असतो आणि तो जिवाणू पुढे जात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ या वयोगटात रोज दहा लाखांहून जास्त लोकांना बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग होतात आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना लक्षणं नसतात. २०२० या एका वर्षात जगात क्लॅमिडियाचे सुमारे १२ कोटी ९० लाख नवे संसर्ग झाले असावेत, असा याच संघटनेचा अंदाज आहे. इतकी माणसं ‘कसली माणसं’ असतील? तुझ्यामाझ्यासारखीच.

लक्षणं नाहीत म्हणजे नुकसानही नाही, असं मात्र नसतं. स्त्रीच्या शरीरात हा संसर्ग गर्भाशयमुखापासून वर सरकू शकतो. ओटीपोटात सूज येते, बीजवाहिन्यांना व्रण पडतात. पुढे कधीतरी मूल हवं असतं तेव्हा गर्भधारणा होत नाही, किंवा गर्भ नलिकेतच अडकतो आणि जिवावर बेततं. हे सगळं, काही दुखलं-खुपलं नसतानाही होऊ शकतं. पुरुषांमध्ये वृषणाजवळच्या नलिकेला सूज येऊन तीव्र दुखणं होऊ शकतं. तरुण मुलींचं गर्भाशयमुख या जिवाणूला जास्त सहज बळी पडतं, म्हणून अनेक देशांत २५ वर्षांखालच्या लैंगिकदृष्ट्या सक्रिय मुलींना, त्रास असो वा नसो, वर्षातून एकदा क्लॅमिडिया आणि गोनोरिया या दुसऱ्या एका लैंगिक संसर्गाची तपासणी करून घ्या असं सुचवतात. ज्या मुलीवर तुझा जीव आहे, तीही याच वयाची असणार. तुझ्या तपासणीचा सर्वात जास्त फायदा कदाचित तिला होणार आहे.

आता ‘हे तिला माझ्यानंतर कुणाकडून तरी लागलं असणार’ याबद्दल. असेलही. पण तुला ते कळण्याचा मार्ग नाही, मलाही नाही आणि तिच्या डॉक्टरांनाही नाही. रिपोर्टवर संसर्गाची तारीख छापलेली नसते. क्लॅमिडिया काही लोकांमध्ये आपोआप नाहीसा होतो, तर काहींमध्ये कित्येक महिने, अगदी वर्षभराहून जास्त काळही गुपचूप राहतो. म्हणजे तिला तो तुझ्यानंतर लागलेला असू शकतो, तुझ्याकडून लागलेला असू शकतो, तुमची भेट होण्याआधीपासून तिच्यात असू शकतो आणि तुमची भेट होण्याआधीपासून तुझ्यातही असू शकतो. या चारपैकी कुठलंही खरं असलं तरी तुला करायचं आहे ते एकच. कुणी कुणाला दिला याचा खटला मनात चालवत बसशील तर त्यात दिवस जातील, निकाल लागणार नाही. आणि जे दिवस जातील त्या दिवसांत तुझ्या आत्ताच्या मैत्रिणीला धोका राहील. तो खटला सोडून दे.

रक्तदानाचा मुद्दा तू विश्वासानं लिहिला आहेस आणि तो चुकीचा असला तरी अगदी साहजिक आहे. दान केलेल्या रक्ताची सर्वसाधारणपणे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि उपदंश (सिफिलिस) यांसाठी तपासणी होते. क्लॅमिडिया आणि गोनोरियाची होत नाही. हे दोन्ही संसर्ग सहसा लघवीच्या नमुन्यातून किंवा स्वॅबमधून, म्हणजे बारीक काडीनं घेतलेल्या नमुन्यातून, शोधले जातात. कंपन्यांमध्ये किंवा लॅबमध्ये ‘संपूर्ण शरीर तपासणी’ म्हणून जी मिळते, तिचंही असंच. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड यांचे आकडे त्यात असतात, पण लैंगिक संसर्गांच्या चाचण्या सहसा नसतात. मुलींच्या बाबतीत गर्भाशयमुखाची पॅप चाचणी झालेली असली तरी ती पेशींमधले बदल बघण्यासाठी असते, क्लॅमिडिया शोधण्यासाठी नाही. मागितल्याशिवाय या चाचण्या होत नाहीत, असं धरूनच चालावं. आणि एक विनंती: आपल्याला काही झालंय का हे कळावं म्हणून कुणीही रक्तदान करू नये. संसर्ग अगदी नवा असताना चाचणीत न दिसण्याचा काही काळ असतो आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जातं.

मित्राच्या सल्ल्यावर मला थोडं ठामपणे बोलायचं आहे. त्याला तुझी काळजी आहे हे दिसतंय, पण हा सल्ला घेऊ नकोस. कारणं सांगते. क्लॅमिडियासाठी आज सहसा डॉक्सिसायक्लिन सात दिवस देतात. घरात उरलेली कुठली तरी स्ट्रिप किंवा घसा दुखत होता तेव्हाच्या चार गोळ्या हे त्याचं औषध नव्हे. क्लॅमिडियाबरोबर गोनोरिया, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं ज्याला परमा म्हणत तोही असू शकतो, आणि त्याचं औषध वेगळं असतं, बहुधा इंजेक्शन. गोनोरियाच्या जिवाणूनं आधी सल्फा औषधांना, मग पेनिसिलिनला, मग टेट्रासायक्लिनला आणि पुढे फ्लुरोक्विनोलोन गटालाही दाद देणं सोडलं. आता हाताशी फार थोडी औषधं उरली आहेत. अर्धवट आणि अंदाजानं घेतलेल्या गोळ्यांमुळे ही परिस्थिती आणखी बिघडते. शिवाय गोळ्या घेऊन मग तपासायला गेलास तर रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं. जिवाणू दबलेला असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. मेलेल्या जिवाणूचे अंश शिल्लक असतील तर काही आठवडे पॉझिटिव्हही येऊ शकते. म्हणजे गोळ्याही घेतल्या आणि काही कळलंही नाही.

आणि समजा गोळ्यांनी तू खरोखर बरा झालास. तुझ्या मैत्रिणीला तो आधीच लागला असेल तर? तिला काही त्रास नसेल, ती तपासायला जाणार नाही, कारण तू तिला काही सांगितलेलं नाहीस. पुढच्या महिन्यात तो तिच्याकडून परत तुझ्याकडे. क्लॅमिडिया एकदा बरा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं. कुणाला काही न सांगता विषय संपवण्याचा हा मार्ग विषय संपवत नाहीच.

आता तुझ्या पोटातल्या गोळ्याबद्दल. काय होणार आहे हे माहीत नसलं की भीती जास्त वाटते, म्हणून ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगते.

क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी तुला बहुतेक एक डबी देतील आणि लघवी आणायला सांगतील. त्याआधी निदान तासभर लघवीला गेलेला नसलास तर बरं. एरवी लघवीच्या तपासणीत सुरुवातीची थोडी सोडून मधली घ्यायला सांगतात. इथे उलटं असतं, अगदी सुरुवातीचीच धार डबीत घ्यायची, कारण मूत्रमार्गातले जिवाणू तिच्याबरोबर बाहेर येतात. तेवढं एक लक्षात ठेव, लॅबवाले सांगायला विसरले तरी. मुलींसाठी योनीमार्गातला स्वॅब जास्त चांगला मानतात आणि तो पुष्कळ ठिकाणी स्वतःचा स्वतः घेता येतो. कापसाचा बोळा असलेली बारीक काडी आत थोडी फिरवायची आणि नळीत ठेवायची. एचआयव्ही, उपदंश आणि हिपॅटायटिस बी यांच्यासाठी रक्त काढतात. नळ्या एक-दोन, टोचणं एकच. मूत्रमार्गात लांब काही तरी घालून तपासतात ही भीती मुलांच्या मनात फार असते. लघवीतून जिवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचण्या आल्यापासून, लक्षणं नसलेल्या मुलाला तसं करण्याची गरज सहसा पडत नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं? लांबलचक कबुली द्यायची नाही. हे एवढं पुरे: ‘माझ्या आधीच्या जोडीदाराला क्लॅमिडिया निघालाय. तिच्याबरोबरचा माझा शेवटचा संबंध चार महिन्यांपूर्वीचा. आता दुसरी जोडीदार आहे. मला लक्षणं नाहीत. क्लॅमिडिया, गोनोरिया, उपदंश आणि एचआयव्ही, सगळं तपासायचं आहे.’ चाचण्यांची नावं घेऊन सांग. कागदावर लिहून नेलंस तरी चालेल, आवाज फुटेनासा झाला तर तो कागद पुढे सरकवता येतो. डॉक्टर विचारतील की संबंध कोणत्या प्रकारचे होते. हा भोचकपणा नसतो. तोंडानं किंवा गुदमार्गानं संबंध आले असतील तर घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीच्या तपासणीत दिसत नाही, तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो. मुलगामुलगी असो, दोन मुलगे असोत की दोन मुली, हे सगळ्यांना लागू आहे. खरं उत्तर दिलंस तर योग्य जागेचा नमुना घेतला जाईल.

काही डॉक्टर उपदेश करतात. कपाळाला आठ्या घालतात, वय विचारून मान हलवतात. असं होऊ नये, पण होतं, आणि ते तुझ्या वाट्याला येणारच नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. तसं झालं तर शांतपणे एवढंच म्हण, ‘मला तपासणी करून घ्यायची आहे, कुठे होईल ते सांगा.’ आणि उठून दुसरीकडे जाण्याचा हक्क तुला आहेच. मात्र एका डॉक्टरच्या आठ्या बघून तपासणीच सोडून देऊ नकोस. लैंगिक आरोग्याचं काम रोज करणाऱ्या दवाखान्यात तुझ्यासारखी गोष्ट त्यांनी त्याच दिवशी आधी ऐकलेली असते.

घरी कळण्याची भीती अगदी व्यवहारातली आहे, म्हणून तिचं उत्तरही व्यवहारातलं देते. नमुना देण्याआधी विचार: रिपोर्ट कुणाच्या फोनवर, कुणाच्या ईमेलवर जाईल? बिल कुणाच्या नावावर येईल? विम्यातून पैसे भरले तर त्याचा हिशेब घरी कुणाला दिसतो का? नोंदणीत जुना, घरच्यांचा नंबर तर नाही ना? रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, पण घरात गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा अशा एखाद्या फोन नंबरमुळे. तुझ्याहून लहान वाचकांसाठी: अमुक वयाखाली पालकांची संमती लागते की नाही, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. नाव न सांगता दवाखान्यात फोन करून आधी विचारता येतं.

वेळेचा हिशेबही सांगून ठेवते, कारण पुष्कळ जण घाईनं दुसऱ्याच दिवशी तपासतात आणि निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निर्धास्त होतात. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी संबंधानंतर साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत. एचआयव्हीसाठी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली आधुनिक चाचणी, प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड (त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) दोन्ही बघणारी, ४५ दिवसांनी खात्रीचं उत्तर देते. बोट टोचून केलेल्या झटपट चाचण्यांना ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. उपदंशासाठीही तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घेतलेलं बरं. आधीच्या नात्याच्या बाबतीत तुझे हे सगळे कालावधी उलटून गेलेत, त्यामुळे आत्ताच्या तपासणीत त्याचं स्पष्ट उत्तर मिळेल. उपदंशाचं नाव मुद्दाम घेतलं, कारण तो फसवा आहे. पहिली जखम दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते, आणि माणसाला वाटतं बरं झालं. आजार मात्र आत चालूच राहतो. वेळेवर सापडला तर आजही पेनिसिलिननं बरा होतो.

नागीण वर्गातला हर्पिस आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू) तपासायचे का, हाही प्रश्न येतो. फोड किंवा जखम नसताना हर्पिससाठी रक्त तपासण्यात फारसा अर्थ नाही. रिपोर्ट घोळात टाकणारे येतात आणि उगाच झोप उडते. फोड आला तर मात्र लगेच दाखवावा, त्याच वेळी स्वॅब घेता येतो. एचपीव्हीसाठी पुरुषांची अशी मान्य नेहमीची चाचणी नाही, पण लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापैकी सुमारे ७० टक्के कर्करोग ज्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात, त्यांच्यापासून ती संरक्षण देते आणि मुलांनाही घेता येते. हिपॅटायटिस बीचीही लस आहे. तपासणीला जाशील तेव्हा या दोन्हींबद्दल विचारून घे.

इथे जरा थांबून इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. तुमचा धोक्याचा संबंध काल किंवा परवाच आला असेल आणि एचआयव्हीची भीती असेल, तर हे वाचत बसू नका. ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात. जितक्या लवकर तितकी चांगली, म्हणून आत्ताच रुग्णालय गाठा. आणि जे झालं ते तुमच्या मर्जीविरुद्ध झालं असेल, तर त्यात तुमचा काहीही दोष नाही. उपचार आणि आधार या दोन्हीसाठी तातडीनं मदत मागा.

आता मित्रा, तुझ्या पत्रातला खरा अवघड भाग. तुझी मैत्रीण.

दोन वाटा मला दिसतात. एक, आजच सांगायचं. दोन, आधी तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट आल्यावर सांगायचं. पहिली वाट जास्त सरळ आहे असं मला वाटतं, पण दुसरी चुकीची म्हणणार नाही. काही दिवसांचाच प्रश्न असतो आणि हातात उत्तर असलं की बोलणं सोपं जातं. मात्र दुसऱ्या वाटेवर एक अट आहे आणि तिच्यात सूट नाही: रिपोर्ट येईपर्यंत संबंध ठेवायचा नाही. कंडोम वापरूनही नको. एकीकडे हे माहीत असताना तिला काही न सांगता जवळ घेणं, म्हणजे जोखीम घ्यायची की नाही हा तिचा निर्णय तू परस्पर घेतल्यासारखं होईल. पुढे तिला हे कळलं तर क्लॅमिडिया ती विसरेल, हे विसरणार नाही. आणि तू अचानक दूर राहू लागलास तर ती विचारेलच. तेव्हा कारणं रचण्यापेक्षा पहिली वाट बरी, असं माझं मन म्हणतं.

काय बोलायचं? असं काहीसं: ‘मला तुला एक सांगायचंय. माझ्या आधीच्या मैत्रिणीला एक संसर्ग निघालाय, औषधानं बरा होणारा. तिनं मला कळवलं. मला काही त्रास नाही, पण मी तपासायला चाललोय. तुलाही लागला असू शकतो, म्हणून सांगतोय. तू म्हणशील तर आपण दोघं जाऊ.’ तिला राग येऊ शकतो, ती रडू शकते, दोन दिवस बोलणार नाही. तो राग तिला येऊ दे. लगेच ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का’ असं म्हणू नकोस. विश्वास आणि तपासणी एकमेकांच्या आड येत नाहीत. तुम्ही दोघं कितीही प्रामाणिक असलात तरी तुमच्या आधीच्या महिन्यांमधलं काही अंगात राहिलेलं असू शकतं. उलट, प्रत्येक नव्या नात्याच्या सुरुवातीला दोघांनी मिळून तपासून घ्यायचं ही सवय लागली, तर हे बोलणं इतकं जड राहणारच नाही.

ती निघून जाईल का? जाऊ शकते. तसं होणार नाही हे मी तुला लिहून देऊ शकत नाही. पण तिला अंधारात ठेवून टिकवलेल्या नात्यात तू रोज याच भीतीत राहशील.

एक अपवाद सांगायलाच हवा, विशेषतः वाचक मुलींसाठी. जोडीदाराला सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी धास्ती असेल, तर समोरासमोर सांगण्याचं ओझं घेऊ नका. आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना ही भीती सांगा. अनेक ठिकाणी दवाखान्यातर्फे, तुमचं नाव न घेता जोडीदाराला कळवण्याची सोय असते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय, हे तू भीत भीत विचारलं आहेस. तर औषधाचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण करायचा. सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत आणि जोडीदाराचेही उपचार होईपर्यंत संबंध टाळायचा. एका मात्रेचं औषध दिलं असेल तर त्यानंतर सात दिवस थांबायचं. गेल्या काही महिन्यांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्यांना कळवायचं, तिनं तुला कळवलं तसंच. आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायचं, कारण पुन्हा लागण होण्याचं प्रमाण बरंच असतं. एवढंच आहे. इतर चाचण्यांत काही निघालं, अगदी एचआयव्ही निघाला, तरी आज त्यावर चांगले उपचार आहेत. नियमित औषधं घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की तो लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागत नाही.

‘मी कसला माणूस ठरेन’ हा प्रश्न तुझ्या मनात आला, याचं मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. या आजारांना आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘गुप्तरोग’ म्हणत आलो. त्या शब्दानंच अर्धं काम बिघडवलं. आजार गुप्त नसतो, आपण तो गुप्त ठेवतो, आणि गुप्त ठेवल्यानं तो पसरतो. सर्दी झालेल्या माणसाला कुणी चारित्र्य विचारत नाही. क्लॅमिडियाचा जिवाणूही माणूस चांगला की वाईट, एकच जोडीदार होता की पाच, हे बघून येत नाही. एकाच संबंधातून लागू शकतो. रिपोर्ट तुझ्या मूत्रमार्गाबद्दल सांगेल, तुझ्याबद्दल नाही.

कंडोमबद्दल तू पत्रात काही लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारते: दर वेळी वापरता, की ‘बहुतेक वेळा’? एचआयव्ही, गोनोरिया आणि क्लॅमिडियापासून तो चांगलं संरक्षण देतो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत आणि प्रत्येक वेळी वापरला तरच. उपदंश, हर्पिस आणि एचपीव्ही हे कातडीच्या स्पर्शातूनही जाऊ शकतात, त्यामुळे तिथे संरक्षण मिळतं ते अपुरं. गर्भनिरोधक गोळ्या यातल्या कशापासूनच वाचवत नाहीत. म्हणून कंडोम वापरणाऱ्यांनीही जोडीदार बदलला की, आणि एरवी वर्षातून एकदा, तपासून घ्यावं.

तिच्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाहीस. सगळ्यात आधी तेच कर, रिपोर्टची वाट न बघता. लांब लिहू नकोस, कुणाकडून आलं ते विचारू नकोस. ‘सांगितलंस ते बरं केलंस. मी या आठवड्यात तपासून घेतोय. तू बरी आहेस ना?’ एवढं पाठव. मग तपासणीची वेळ घे.